नऊपर्यंतच मोजा

मी, डेलिया टूमी, माहेरची लाउनी, वय सत्तेचाळीस, धंदा खाणकामगारांना जेवू घालणं आणि झोपायला जागा देणं, राहणार हिरव्या दाराचं घर, चर्चच्या मागचा चढ, कॉपर फोर्क, मोंटाना. माझं डोकं ठिकाणावर आहे, आज दारूचा थेंब घेतलेला नाही, आणि कोणी माझा हात धरून लिहून घेत नाही (धरून बघावा). अशा स्थितीत लिहून ठेवते की माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंची विल्हेवाट पुढीलप्रमाणे लावावी.

वकिलाकडे जाऊन आले. त्यानं पहिल्या पानावर सात वेळा 'उपरोक्त' लिहिलं आणि माझं नाव एकदा, तेही चुकीचं. म्हणून त्याचा कागद समोर ठेवून हे मी माझ्या हातानं लिहितेय. हातानं लिहिलेलं इथल्या कायद्याला चालतं. शाळेत मी तीन हिवाळे गेले, तेही तिथं शेगडी असायची म्हणून. मला मोठ्यानं म्हटल्याशिवाय लिहिता येत नाही. त्यामुळे समोर बटाटे सोलत बसलेला माझा नवरा सगळं ऐकतोय आणि मध्ये मध्ये बोलतोय. त्याचं बोलणं मृत्युपत्राचा भाग धरू नये.

घाई अशी की येत्या मंगळवारी माझं पोट कापणार आहेत. डॉक्टर म्हणतो आत गोळा आहे, कोबीएवढा. कोबी सगळ्या आकारांचे असतात, कुठला कोबी ते त्याला सांगता येईना. असल्या माणसाच्या हातात सुरी द्यायची म्हणजे आधी कागद करून ठेवलेला बरा.

कलम एक. नवरा.

वकील म्हणतो, नवरा मृत्युपत्रात देता येत नाही. गाय देता येते, चूल देता येते. म्हटलं, गाईला कोणीही घेईल, ती दूध देते. हा पावणेतीन मणांचा माणूस, वय अठ्ठावन्न, ह्याला कोण घेणार तेच तर लिहायचंय. वकील म्हणाला, "ह्यावर कायदा गप्प आहे." तर कलम एक सध्या रिकामं सोडते. पुढे भरीन.

कलम दोन. हा नवरा कोण, ते.

कोर्टातला माणूस परगावचा असला तर त्याच्यासाठी. बार्थोलोम्यू टूमी, वजनदार गटाचा मुष्टियोद्धा, रिंगणातलं नाव 'बेआराचा बैल' (बेआरा हा आयर्लंडातला त्याचा मुलूख). एकोणीस वर्षं लढला. त्यातली चार वर्षं चांगला लढला. बाकीची पंधरा कपडे चांगले होते. हिरव्या मखमलीचं जाकीट, समोरचा दात सोन्याचा, आणि रिंगणात येताना साखळीला बांधलेला पाळीव राजहंस पुढे चालायचा. हंसाचं नाव बिशप. फादर क्रीन म्हणाले, हे नाव बदला. बार्ट म्हणाला, "फादर, तो दुसऱ्या कुठल्या नावाला ओ देत नाही."

त्याला एकदा नाटकात घेतलं होतं. काम एवढंच की तिसऱ्या अंकात नायकाचा ठोसा खाऊन खाली पडायचं. सहा रात्री पडला नाही. सातव्या दिवशी नायकाच्या मनगटाला फळी बांधलेली.

"त्याचा ठोसा लागतच नव्हता, डेली," बार्ट आत्ता म्हणतोय. "न लागता कसं पडायचं? लोक तिकीट काढून येतात."

हा माणूस खोटं पडत नाही. पुढे ह्याचं काम आहे, ध्यानात ठेवावं.

कलम तीन. राजहंस.

बिशप मेल्यावर त्यात पेंढा भरून घेतला. तो माळ्यावर आहे, एक डोळा गेलाय. तो मी माझी नणंद विनिफ्रेड कॅसिन हिला देते. त्याची चोच कायम उघडी आहे, तिला करमेल.

विनीला दुसरं काही द्यायचं नाही. ती येऊन 'रक्ताचं नातं' म्हणायला लागली तर तिला हे वाचून दाखवावं. मागच्या महिन्यात ती आली, माझ्या पोटाची चौकशी केली आणि मग खिडक्यांना टेप लावला.

मी म्हटलं, "काय गं, काय मोजतेस?"

"काही नाही वहिनी. पडदे किती लागतील ते."

तिच्या पर्समध्ये काउंटीच्या वेड्यांच्या इस्पितळाचा अर्ज आहे. भावाचं नाव घालून, भरून तयार. फक्त तारीख टाकायची राहिली आहे. मी मेले की विनी ती टाकणार. भाऊ तिकडे आणि पडदे इकडे. हे होऊ द्यायचं नाही. बाकी ह्या कागदातलं सगळं चुलीत गेलं तरी चालेल, हे एवढं होऊ द्यायचं नाही.

कलम चार. दगडी पाय.

सन अठराशे नव्याण्णवमध्ये बार्टनं स्वतःचा पुतळा करायला टाकला. कारागिरानं पायांपासून सुरुवात केली आणि कमरेपर्यंत येऊन तो दुसऱ्याच्या बायकोबरोबर कॅलिफोर्नियाला गेला. ते पाय परसात उभे आहेत. मी त्यांना कपडे वाळत घालायची दोरी बांधली आहे. ते चर्चला देते. वर हवा तो संत बसवावा. गुडघे चांगले आहेत.

कलम पाच. अंथरुणं, भांडी, शेगडी.

घराबरोबर राहतील. कोपऱ्यातल्या खोलीतली गादी जाळावी. का ते विचारू नये. लोखंडी पळी, जिच्या तोंडाला पोचा आहे, ती ह्यात धरू नये. तिचं वेगळं लिहिते.

कलम सहा. मोजणी.

हे नीट वाचावं. ज्याच्या हाती बार्ट जाईल त्यानं तीनदा वाचावं.

डोक्यावर एकोणीस वर्षं ठोसे घेतले की आत धुकं साचतं. एरवी बार्ट माणसात असतो. बटाटे सोलतो, लाकडं फोडतो, माझ्याशी भांडतो. पण ताटली पडली, खाणीचा भोंगा जवळून वाजला, की धुकं येतं आणि तो जमिनीवर आडवा होतो. त्याला वाटतं ठोसा बसला आणि आपण रिंगणात पडलोय. त्याला ओढू नये, पाणी मारू नये. शेजारी गुडघ्यावर बसून पंचासारखं मोजावं. एक, दोन, तीन, सावकाश. नऊला तो उठतो. रोज उठतो. उठून विचारतो, "कितवी फेरी?" तेव्हा "चौदावी" म्हणावं. मग मान हलवतो आणि भिंतीपाशी त्याच्या स्टुलावर जाऊन बसतो.

नऊच्या पुढचा आकडा ह्या घरात उच्चारत नाहीत. लिहीतही नाहीत. तो आकडा म्हणजे तो हरला, संपला, आणि बार्ट खोटं पडत नाही तसा खोटं उठतही नाही. दुकानदार अंडी मोजताना नऊवर खोकतो आणि मग अकरा म्हणतो. आमच्या जपमाळेच्या एकेका भागात त्या आकड्याइतके मणी असतात, तर शेवटचा मणी मी मनात म्हणते. फादर क्रीन म्हणाले, "डेलिया, आईमेरीची प्रार्थना अशी गिळायची नसते." मी म्हटलं, "फादर, तिनंही घरात पुरुष सांभाळलेत. ती समजून घेईल."

एकदाच चूक झाली. नाताळात बार्ट स्वयंपाकघरात पडला, मी दुकानात गेलेली. विनी होती. तिनं नऊपर्यंत मोजलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि पुढचा आकडा म्हटला. "बघायचं होतं काय होतं ते," असं मला म्हणाली. बार्ट दोन दिवस फरशीवरून उठला नाही. मी चमच्यानं रस्सा भरवला. डॉक्टर आला, फादर आले, भाडेकरू त्याला ओलांडून जेवायला बसायचे. बार्ट छताकडे बघत म्हणायचा, "संपलं, डेली. मोजलं त्यांनी."

तिसऱ्या सकाळी वरच्या खोलीतला भाडेकरू जेथ्रो ट्रेगिअर जिना उतरून आला. तो बार्टच्या शेजारी फरशीवर आडवा झाला, खोकून घेतलं आणि म्हणाला, "काय रे बैला, ऐकलंस का? पंचाला पकडलं. पैसे खाल्लेत त्यानं. मोजणी रद्द."

बार्ट म्हणाला, "रद्द? कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. मी समोरच्या कोपऱ्यातला. मला नको असली फुकटची जीत. पुन्हा मोजतायत, उठ."

मी मोजलं. नऊला उठला. चार अंडी खाल्ली.

कलम सात. सलगम.

ह्या घराच्या रश्श्यात सलगम कधीही, कोणत्याही कारणानं घालू नये. जेथ्रो ट्रेगिअर अकरा वर्षं माझ्याकडे राहतो आणि अकरा वर्षं रोज विचारतो. तो कॉर्नवॉलचा, इंग्लंडातल्या कथिलाच्या खाणींकडचा. त्यांच्यात कणकेच्या पुडीत मांस, बटाटा आणि सलगम कोंबतात आणि त्यालाच जेवण म्हणतात. पुडीत घाल बाबा, तुझी पुडी तुझं पोट. माझ्या रश्श्यात नाही. मी मेले तरी नाही, आणि हे कलम म्हणजे तेच.

कलम आठ. ट्रेगिअर आणि आम्ही.

ह्या गावात आयरिश आणि कॉर्निश एका बाकावर बसत नाहीत. आम्ही पितो, ते पीत नाहीत आणि तसं गाऊन सांगतात. खाणीतली चांगली कामं त्यांना आणि बोगद्यातली आम्हाला. आणि सगळ्यात वर ती लढत. एकोणीसशे तीनच्या उन्हाळ्यात, खाणकामगारांच्या सुट्टीच्या दुपारी, रेल्वेमागच्या मैदानात बार्ट टूमी विरुद्ध जेथ्रो ट्रेगिअर, वीस फेऱ्या. वीस संपल्या तेव्हा दोघंही उभे. त्या काळी दोघं उभे राहिले तर पंच निकाल देत नसे, दुसऱ्या दिवशी पेपरवाले द्यायचे. सकाळच्या पेपराचा मालक आमच्यातला, त्यानं बार्ट जिंकला म्हणून छापलं. संध्याकाळचा पेपर त्यांचा, त्यानं ट्रेगिअर. चोवीस वर्षं झाली. ह्यावरून दोन लग्नं मोडली आणि एका न्हाव्याचा कान गेला.

खाणीच्या धुळीनं ट्रेगिअरची छाती खराब झाली तेव्हा त्याच्या लोकांनी त्याला जागा दिली नाही, जिन्यावर खोकतो म्हणून. माझ्याकडे आला. शेजारणी म्हणाल्या, "कॉर्निश माणूस घरात? आणि तोच?" मी म्हटलं, भाडं देतो आणि जेवल्यावर ताटली उचलतो, तुमच्यातला एक दाखवा.

पहिल्या दिवशी बार्ट त्याला म्हणाला, "कथिलवाल्या, तू हरला होतास."

तो म्हणाला, "पेपर वाच, बैला."

"कुठला पेपर?"

"संध्याकाळचा."

"मी सकाळी वाचतो."

अकरा वर्षं हेच. रोज. दोघांनाही कंटाळा येत नाही. मला येतो.

कलम नऊ. घर.

घर माझ्या नावावर आहे, कर्ज नाही. ते ज्याच्या हाती बार्ट, त्याला. दोन्ही एकत्र, वेगळं करता येणार नाही. घर हवं तर नवरा घ्या. असं लिहिलं की विनीचे पडदे विनीकडे राहतात.

नऊच्या पुढचं कलम.

बार्टला लाकडं फोडायला पाठवलंय. म्हणाला, "फोडलीत की." मी म्हटलं, आणखी फोड. हे मोठ्यानं म्हणतेय, म्हणून दार लावून घेतलंय.

पळी.

त्या लढतीला मी तेवीस वर्षांची होते. रिंगणाच्या दोरीपाशी डुकराचे उकडलेले पाय विकत होते, मोठा हंडा, लोखंडी पळी. घंटा माझ्या कोपराजवळ टांगलेली. घंटेवर बसवलेल्या माणसानं सकाळपासून पिऊन घेतलेली आणि चौदाव्या फेरीत त्याची कवळी बाकाखाली पडली. तो ती शोधायला खाली वाकला. तेवढ्यात ट्रेगिअरनं डाव्या हातानं बार्टच्या पोटात असा ठोसा मारला की तो आवाज मला हंड्यात ऐकू आला. बार्ट आडवा. पंच मोजायला लागला. फेरी संपायला अजून मिनिटभर तरी होतं. बार्ट हलत नव्हता. सहा. सात. आठ. हंड्यात अजून साठ पाय होते. लढत संपली की लोक घरी जाणार आणि साठ पाय माझ्या गळ्यात. प्रेमाबिमाचा काही संबंध नव्हता, मी त्याला ओळखतही नव्हते. पंच 'नऊ' म्हणाला आणि मी पळी घंटेवर हाणली.

पळीला पोचा तेव्हाचा.

फेरी संपली असं धरलं, म्हणजे मोजणीही तिथंच थांबली. बार्टला उचलून कोपऱ्यात नेलं, पाणी मारलं, पंधराव्या फेरीला तो उभा राहिला आणि विसाव्यापर्यंत राहिला. पाय सतराव्या फेरीतच संपले होते. मी मात्र विसाव्या फेरीपर्यंत तिथंच होते. पुढच्या वसंतात लग्न केलं. धुक्यातून उठल्यावर तो अजून त्याच चौदाव्या फेरीत असतो, म्हणून 'चौदावी' म्हणायचं.

तर खरं हे, की लढत जेथ्रो ट्रेगिअर जिंकला. मी त्याची जीत पळीनं फोडली. ती आज मी त्याला ह्या कागदानं परत करते. आणि जिंकणाऱ्याला बक्षीस मिळतं. बक्षीस म्हणजे हे घर आणि त्यातला बार्ट. अट एकच, हे बार्टला कधी कळता कामा नये.

इथपर्यंत लिहून ट्रेगिअरला खाली बोलावलं, साक्षीदार म्हणून सही कर म्हणून. तो म्हणाला, "वाचून दाखव मालकीणबाई, चष्मा वर राहिला." वाचून दाखवलं. वाचताना लक्षात आलं की ज्याला मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. वकिलानं ते सांगितलं होतं, बहुतेक 'उपरोक्त'मध्ये. तोवर वाचून झालं होतं.

ट्रेगिअर लाकडाच्या पेटीवर बसला. बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "पळी होती ती."

"काय?"

"हातोडीनं घंटा टण् वाजते. ती ठण्ण वाजली. मला तेव्हाच कळलं."

"मग चोवीस वर्षं दातखीळ बसली होती का रे मेल्या?"

"काय बोलू बाई? त्याच्या पोटात मारला तो डावा हात माझा मनगटातून मोडला. उजवा बाराव्या फेरीतच गेला होता. तो नऊला उठला असता ना, नुसता फुंकला असता तरी मी पडलो असतो. पंच मोजत होता आणि मी देवाला म्हणत होतो, आता घंटा वाजू दे."

"तुमच्यातला देव बराच ऐकतो."

"पळी घेऊन आला की."

मी म्हटलं, "म्हणजे जिंकलास की नाही?"

"निकाल नाही," तो म्हणाला. "मला जीत देऊ नकोस. मी उद्यापासून त्याच्याशी काय भांडू?"

माझं सगळं मुसळ केरात. जीत नाही तर बक्षीस कसलं, आणि बक्षीस नाही तर बार्ट कुणाला? बाहेर कुऱ्हाडीचा आवाज येत होता. पोटात कोबी दुखत होता. मी कधी कुणाला विनवणी केलेली नाही, कशी करतात ते माहीत नाही, म्हणून ओरडले. "मग घेणारेस की नाही त्याला? हो म्हण नाहीतर नाही म्हण. मंगळवार आलाय."

तो छताकडे बघत बसला. अगदी बार्ट बघतो तसा. मग म्हणाला, "एक विचारू?"

"विचार."

"रश्श्यात सलगम चालेल?"

कलम सात खोडलं आहे. खाडाखोड माझी, बाजूला सही केली आहे. एका रश्श्याला अर्धा सलगम, जास्त नाही. रविवारी बार्टला चर्चला नेऊन सोडावं. ट्रेगिअरनं आत यायची गरज नाही. त्याला बाहेर त्याची गाणी म्हणायची तर म्हणावीत, हळू.

आम्ही एवढं ठरवतोय तोच बार्ट हातभर लाकडं घेऊन दार ढकलून आला आणि माझा चेहरा बघून लाकडं त्याच्या हातातून सुटली. व्हायचं तेच झालं. धाडकन आवाज, आणि बार्ट फरशीवर. मी वाकायला गेले तर पोटात कळ आली. ट्रेगिअर पेटीवरून उतरला, गुडघ्यावर बसला आणि मोजायला लागला. एक. दोन. मध्ये खोकला. तीन. खोकल्यानंतर पुन्हा एकपासून नाही, बरोबर तीनपासून. नऊला बार्ट उठला, मुठी वर.

"कितवी फेरी?"

मी 'चौदावी' म्हणायला तोंड उघडलं. ट्रेगिअर आधी बोलला.

"पंधरावी."

चोवीस वर्षांत हे कोणी म्हटलं नव्हतं. बार्टनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पंधरावी? म्हणजे मी उठलो?"

"उठलास, बैला. मी बघितलं."

बार्टच्या मुठी खाली आल्या. स्टुलावर गेला नाही. वाकून लाकडं गोळा करायला लागला. म्हणाला, "तरी कथिलवाल्या, तू हरलास."

"पेपर वाच," ट्रेगिअर म्हणाला.

तर कलम एक, वर रिकामं सोडलंय, ते आता भरते: जेथ्रो ट्रेगिअर. घर त्याला, पळीसुद्धा त्याला. विनीनं तारीख टाकायला पेन काढलं तर पळी हाताशी असावी. ट्रेगिअर आधी गेला तर पुढे बार्टनं काय करायचं ते दोघांनी तोवर मिळून ठरवावं. मी सगळंच बघत बसणार नाही.

शेवटचं. मंगळवारी मी डॉक्टरच्या टेबलावरून परत आले तर हा कागद पिठाच्या डब्यात ठेवावा आणि सलगमाचं विसरावं. परत आले नाही तर मला पुरताना बार्टला पुढे उभं करावं, हिरवं जाकीट घालून. खड्ड्यात सोडताना ट्रेगिअरनं मोठ्यानं मोजावं, बार्टला बरं वाटेल. नऊपर्यंतच मोजा. पुढचं मी बघते.

मी वरील सर्व माझ्या हातानं, माझ्या अकलेनं लिहिलं आणि ते मला कबूल आहे.

डेलिया टूमी

साक्षीदार एक: फादर मॉर्टिमर क्रीन, कॉपर फोर्क. (पेंढ्याचा राजहंस आणि दगडी पाय ह्यांबद्दल माझी नापसंती नोंदवावी. पाय मिळाले तर ठेवून घेऊ.)

साक्षीदार दोन: ऑगस्ट नीमी, सुतार, शवपेट्या आणि खिडक्या. ह्यानं दारातून येता येता मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "पाच फूट तीन." मी म्हटलं, "चार. आणि मंगळवारनंतर बघ."

कॉपर फोर्क, मोंटाना. नऊ ऑक्टोबर, एकोणीसशे सत्तावीस. उद्या सही करा असं फादर म्हणत होते. उद्याची तारीख ह्या घरात लिहीत नाहीत.